खेळातला शत्रू जन्माने ठरतो का?

आपल्या वस्त्यांतून सध्या आईवडिलांची एकच तक्रार ऐकू येते. पोरगा दिवसभर गेम खेळतो. मुलुंडची वस्ती असो, घाटकोपरची असो नाहीतर अंधेरीची, रविवारी विहारात वंदना आटोपली, सतरंज्या गुंडाळल्या गेल्या की बायामाणसांचे बोलणे फिरून फिरून तिथेच येते. अभ्यास नाही, झोप नाही, जेवताना हातात मोबाइल. तक्रार खरी आहे, तिच्याविषयी वाद नाही. पण तक्रार करणाऱ्यांपैकी किती जणांनी पोराला जवळ बसवून विचारले, की बाळा, तू खेळतोस ते आहे तरी काय? त्यात गोष्ट काय आहे? लढाई कोणाशी आहे आणि कशासाठी?

नाटक आले की आपण विचारतो, लेखक कोण? चित्रपट आला की विचारतो, नायक कोणत्या घरचा दाखवला आहे, खलनायकाचे आडनाव काय ठेवले आहे? बाबासाहेबांनी आपल्याला ही सवय लावली. मग जे माध्यम आपली मुले रोज दोन-दोन तास डोळ्यांसमोर धरून बसतात, त्याला हा प्रश्न का विचारू नये? म्हणून मी माझ्या भाच्याला गाठले. तो घाटकोपरला राहतो, वय चोवीस, अंधेरीच्या एका गोदामात माल तपासण्याचे काम करतो आणि रात्री जुन्या संगणकावर खेळतो. तीन रविवार मी त्याला प्रश्न विचारले आणि त्याने, मामा कंटाळत नाही हे बघून, मोकळेपणाने उत्तरे दिली. त्याची मते ऐकण्यासारखी वाटली, म्हणून हा लेख.

प्रथम एक निवडानिवड करू. गेम म्हणजे सगळे एकच नव्हे. पैसे लावून खेळायचे जे ऑनलाइन खेळ होते ते खेळ नव्हेतच, तो जुगार. त्यांच्यावर २०२५ मध्ये संसदेने कायदा करून बंदी आणली, बरे झाले. दुसरे गोळीबाराचे. पब्जीवर सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने बंदी घातली आणि पुढच्या वर्षी तोच खेळ बीजीएमआय या नावाने परत आला. त्यात गोष्ट म्हणावी अशी काही नाही. बेटावर उतरा, बंदूक शोधा, शेवटपर्यंत जगा. माझ्या पिढीने नव्वदच्या दशकात स्टेशनाजवळच्या पार्लरमध्ये नाणी टाकून जो खेळ खेळला, ज्याला आपण सगळे ‘मुस्तफा’ म्हणायचो, त्यातही गोष्ट नावापुरतीच होती. १९९३ सालच्या त्या खेळाचे खरे नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ आहे, हे आमच्यापैकी कोणाला ठाऊक होते? मुस्तफा हा त्यातला एक लढवय्या, एवढेच आम्हाला पुरे होते.

भाचा खेळतो ते तिसऱ्या प्रकारचे. मुले त्याला आरपीजी म्हणतात. आपण भूमिकेचे खेळ म्हणू. त्यात तुम्ही एक पात्र होता. त्याचे नाव, घर, स्वभाव, कसब तुम्ही ठरवता. गावोगाव फिरता, लोकांशी बोलता, त्यांची कामे अंगावर घेता आणि मधूनमधून लढता. एकेक खेळ चाळीस-चाळीस, शंभर-शंभर तास चालतो. भाचा म्हणाला, “मामा, हे कादंबरीसारखं असतं. फक्त कादंबरीत नायक चुकला तर आपण नुसतं हळहळतो. इथं चुकणारे आपणच.”

या खेळांचे मूळ संगणकात नाही, कागदावर आहे. अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ छापला. टेबलाभोवती चारपाच जण बसायचे, एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी आपापले पात्र चालवायचे, फासे टाकून निकाल लावायचा. त्या आधी ही मंडळी टेबलावर चिमुकले सैनिक मांडून लढाईचे खेळ खेळत. त्यातूनच हा जन्मला, त्यामुळे लढाई त्याच्या रक्तातच आहे. पुढचे संगणकावरचे बहुतेक भूमिकेचे खेळ याच झाडाच्या फांद्या.

आता इथे माझे कान टवकारले. कारण त्या पहिल्या पुस्तकात पात्र बनवताना दोन गोष्टी ठरवाव्या लागत. एक, तुमचा व्यवसाय: लढवय्या, जादूगार किंवा धर्मगुरू. दुसरी, तुमचा वंश: माणूस, ठेंगू, वनवासी एल्फ वगैरे. माणसाच्या पोटी आलात तर कोणताही व्यवसाय घ्या, कितीही वर चढा. पण ठेंगू वंशात जन्मलात तर फक्त लढवय्याच होता येई, आणि तोही सहाव्या पायरीपर्यंतच. त्याहून ठेंगण्या हॉबिटांना तर चौथ्या पायरीलाच टोपी लागे. कितीही पराक्रम करा, वरची पायरी बंद! आम्हा कचेरीतल्या लोकांच्या भाषेत सांगायचे तर बढतीची यादी जन्मदाखला बघून लागे. आणि ऑर्क म्हणून एक वंश, तो जन्मानेच दुष्ट. त्यातले एखादे बाळ दिसले तरी ते उद्याचा शत्रूच, असा हिशेब.

हे छापणाऱ्यांनी मनुस्मृती वाचली असेल असे मी म्हणत नाही. त्यांना इंग्रजी परीकथांतून हे सुचले. पण गंमत अशी की माणूस कुठेही बसून काल्पनिक जग रचू लागला, की जन्मावरून गुण ठरवण्याची सोय त्याला फार लवकर सुचते. हिशेब सोपा होतो ना! समोरच्याला विचारायला नको, बोलायला नको. बाबासाहेबांनी जातीवर मांडलेला मुद्दा आठवा. जात ही नुसती कामाची वाटणी नसून काम करणाऱ्यांचीच वाटणी आहे, आणि ती उतरंडीची आहे. या खेळातला व्यवसाय म्हणजे कामाची वाटणी, ती तुम्ही निवडता. वंश म्हणजे माणसांची वाटणी, ती तुमच्यावर लादलेली. चातुर्वर्ण्याचे समर्थक ज्या दोन गोष्टींची सरमिसळ करून आपल्याला गुंडाळत आले, त्या या खेळाने दोन वेगळ्या खान्यांत लिहून दाखवल्या, हे एक त्याचे उपकारच म्हणायचे.

भाच्याने पुढचे सांगितले ते आणखी महत्त्वाचे. खेळणाऱ्यांतूनच ओरड झाली. पायऱ्यांची ती टोपी २००० सालच्या आवृत्तीत काढली. जून २०२० मध्ये प्रकाशकांनी जाहीर केले, की ऑर्कांना आणि त्यांच्यासारख्या इतर जमातींना यापुढे जन्मजात दुष्ट न दाखवता बाकीच्यांसारखेच भल्याबुऱ्या माणसांचे समाज म्हणून दाखवू. २०२४ च्या पुस्तकात ‘वंश’ हा शब्दच गेला आणि ताकद-बुद्धीचे जादा गुण जन्मावरून न मिळता तुम्ही आधी काय काम करत होतात त्यावरून मिळू लागले. पन्नास वर्षे लागली. कागदावरच्या, फाशांच्या, खोट्या जगातून जन्माचा हिशेब काढायला पन्नास वर्षे, मग खऱ्या जगाचे काय बोलावे! असो.

दुसऱ्या रविवारी मी लढाईवर आलो. मी त्याला सरळच विचारले, “अरे, सकाळी विहारात ‘पाणातिपाता वेरमणी’ म्हणतोस आणि रात्री शंभर मुडदे पाडतोस. हे जमतं कसं?”

तो हसला नाही. म्हणाला, “मामा, मुडद्यांपेक्षा गुण वाईट. मारलं की गुण मिळतात, गुण साठले की आपण पायरी चढतो. त्यांना अनुभवाचे गुण म्हणतात. म्हणजे बघा, माणूस शहाणा कशानं होतो? तर मारून. रस्त्यात कोणी उभा आहे, तो आपल्याला काही करत नाही, तरी पोरं त्याला मारतात, कारण गुण मिळतात. लढाईला कारणच लागत नाही.”

मग त्याने ‘अंडरटेल’ या खेळाची गोष्ट सांगितली. २०१५ साली टोबी फॉक्स या अमेरिकन तरुणाने तो जवळजवळ एकट्याने केला. एक लहान मूल राक्षसांच्या जगात पडते. प्रत्येक राक्षस अडवतो. तुम्ही मारू शकता, पण बोलूही शकता, विनोद करू शकता, समजूत घालू शकता आणि सोडून देऊ शकता. एकालाही न मारता सगळा खेळ पुरा करता येतो. आणि मारत सुटलात तर शेवटी खेळ तुम्हाला सांगतो, की ज्याला तुम्ही अनुभवाचे गुण समजत होतात ते मुळात वधाचे गुण होते, आणि ज्याला पायरी समजत होतात ते तुमच्या हिंसेचे माप होते. हे ऐकून मला तरी अंगुलिमाल आठवला. तोही मोजतच होता. बोटांची माळ म्हणजे दुसरे काय? आणि तथागतांनी त्याला शस्त्र न उचलता थांबवले. पोरगा ज्याला नवा खेळ म्हणतो ती गोष्ट आपल्या घरात अडीच हजार वर्षांची आहे.

पण इथे एक सावधगिरी हवी. बौद्ध म्हणजे लढाई नकोच, असे सोपे उत्तर बाबासाहेबांनी दिलेले नाही. त्यांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला. अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नव्हे. तत्त्व माणसाला विचार करायला मोकळे ठेवते, नियम विचार बंद करतो. या मापाने बघितले तर बहुतेक खेळांचा दोष त्यांत लढाई असण्याचा नाही. दोष असा की गरज आणि इच्छा यांतली रेघच ते पुसून टाकतात. गावावर दरोडा पडला म्हणून उचललेली तलवार आणि गुण हवेत म्हणून उचललेली तलवार, दोन्हींना खेळात सारखाच आवाज, सारखेच बक्षीस.

आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण घेऊ. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या मंडळीने ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ नावाचा खेळ २०२० साली काढला. २०१७ मध्ये त्यांनी इंटरनेटवरून लोकवर्गणी मागितली होती, ती पुरी पडली नाही. मग संस्थापकांपैकी एकीने स्वतःचा फ्लॅट विकून काम चालू ठेवले. शेवटी खेळ जगभर गेला आणि त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या उत्तम खेळांच्या नामांकनात आला. पुण्यात बसून हे करणे सोपे नाही, त्याबद्दल त्यांचे अभिनंदनच. हा चोख भूमिकेचा खेळ नव्हे, धावपळीचा आणि लढाईचा आहे. पण गोष्ट आणि लढाई यांचे नाते समजायला याच्याइतके चांगले उदाहरण मला दुसरे मिळाले नाही.

गोष्ट अशी. राजी ही अनाथ मुलगी, धाकटा भाऊ गोलू. दोघे कसरतीचे, बाहुल्यांचे खेळ करून पोट भरतात. असुरांची धाड येते, त्यांचा राजा महाबलासुर. मुले पळवली जातात, गोलूही जातो. मग विष्णू आणि दुर्गा हे देव ठरवतात की या मुलीला आपण निवडले. तिला त्रिशूळ मिळतो, धनुष्य मिळते. सगळ्या वाटेवर हे दोन देव वरून तिच्याबद्दल बोलत राहतात.

ही झाली गोष्ट. आता लढाई बघा. भाच्याने मला संगणकावर दाखवली. राजी लढते कशी? भिंतीवर धावत जाते, खांबाला धरून गरकन फिरते, उलटी उडी मारून शत्रूच्या मागे उतरते. हे त्रिशूळाने शिकवले काय? हे तर कसरतीवाल्या पोरीचे अंग आहे! दादरच्या पुलाखाली, जत्रेत, गावच्या बाजारात दोरीवर चालणारी डोंबाऱ्याची पोर आणि खाली ढोलकी वाजवणारा बाप आपण सगळ्यांनी पाहिला आहे. कोल्हाटी-डोंबारी आपल्या राज्याच्या भटक्या जमातींच्या यादीत आहेत. पिढ्यानपिढ्या त्या मुलींनी पोटासाठी जे अंग कमावले, तेच या खेळातले खरे शस्त्र. गोष्ट म्हणते, देवांनी निवडले म्हणून ती जिंकली. लढाई म्हणते, ती लहानपणापासून राबली म्हणून जिंकली. दोन्ही एकाच पडद्यावर, आणि एकमेकांना खोटे पाडणारी.

अशा विसंगतीवर क्लिंट हॉकिंग नावाच्या खेळ रचणाऱ्याने २००७ साली एका दुसऱ्याच खेळाबद्दल लिहिले होते, की गोष्ट एक शिकवते आणि हात दुसरेच शिकतात. भाच्याला मी विचारले, “मग यातलं खरं कुठलं धरायचं?” तो म्हणाला, “मामा, गोष्ट आपण ऐकतो, लढाई आपण करतो. दहा दिवसांनी देव काय बोलले ते आठवत नाही. खांबाला धरून फिरायचं बोटांना आठवतं.” त्याची तक्रार अशी, की खेळ दिसायला देखणा, पण शेवट अर्धवट सुटतो आणि शत्रूला तोंडच नाही. मला तक्रार निराळी दिसते. श्रमाचे श्रेय वरच्यांच्या खात्यावर जमा करण्याची आपल्या देशाची जुनी रीत या खेळातही आली आहे. मूर्ती घडवणारा कोण आणि पुण्य कोणाला, हा हिशेब आपल्याला माहीत आहे.

आणि तो असुर. महाबलासुर म्हणजे पुराणातला बळीराजा नव्हे. पण महाराष्ट्रात असुर हा शब्द आपण डोळे मिटून ऐकू शकत नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त दैत्य-राक्षसांच्या कथा उलट्या बाजूने वाचल्या आणि बळीला इथल्या कष्टकऱ्यांचा न्यायी राजा म्हणून उभे केले. आजही खेड्यातल्या बाया भावाला ओवाळताना बळीचे राज्य मागतात. म्हणजे ज्याला एका गोष्टीत राक्षस म्हटले, तो दुसऱ्या गोष्टीत आपला बाप निघतो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातल्या मुलाने हा खेळ खेळू नये काय? माझे मत, खेळावा. नाहीतरी बंदी घातली की पोरे पांघरुणात खेळतात. पण खेळताना त्याला एवढा प्रश्न पडला पाहिजे, की असुर मुले का पळवतो ते खेळ मला का विचारू देत नाही?

विचारू देणारा खेळही भारतातच झाला आहे, हे मला माहीत नव्हते. पायरोडॅक्टिल नावाच्या भारतीय मंडळीने लोकवर्गणी काढून २०१४ मध्ये ‘अनरेस्ट’ हा भूमिकेचा खेळ आणला. प्राचीन भारतासारखे एक काल्पनिक नगर, नाव भीम्रा. (नाव ऐकून मी खुर्चीत सरळ झालो, हे सांगायलाच हवे.) पाऊस नाही, धान्य नाही, लोक उपाशी. यात नायक एक नाही. एका प्रसंगात तुम्ही शेतकऱ्याची मुलगी, घरच्यांनी लग्न ठरवले आहे, आता काय करायचे? दुसऱ्या प्रसंगात तुम्ही राजघराण्यातले, तिसऱ्यात आणखी कोणी. लढाया थोड्या, आणि बोलून टाळता येतात. बोलताना समोरच्याच्या मनातल्या तीन गोष्टी पडद्यावर दिसतात: तुमच्याबद्दल मैत्री किती, आदर किती, भीती किती. भीती वाढवून काम लवकर होते, पण पुढे महागात पडू शकते.

आणि त्या नगरात नाग आहेत. सापाच्या रूपाचे लोक, स्वतःचा वकील पाठवणारे, माणसे ज्यांच्याकडे संशयाने बघतात असे. तुम्ही त्यांच्या वकिलाची भूमिकाही घेता. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी धम्मदीक्षेसाठी नागपूर का निवडले ते सांगताना नाग लोकांचा इतिहास सांगितला होता. आर्यांनी ज्यांना छळले आणि ज्यांनी बुद्धधम्म पसरवला ते नाग. खेळ करणाऱ्यांनी ते भाषण वाचले असेल किंवा नसेल. पण नाग जिथे नुसता फणा काढून मरायला येत नाही, बसून बोलतो, असा खेळ आपल्या मुलाने एकदा तरी बघावा. गंमत म्हणजे भाच्याला तो थोडा रटाळ वाटला. “वाचायला लई आहे मामा, आणि हातांना काम कमी.” त्याचे हे मत मी लपवत नाही. गोष्ट चांगली असली म्हणून खेळ चांगला होतोच असे नाही, हेही त्याला कळते.

रटाळ न होता, तलवार बाजूला ठेवून खेळ रंगवता येतो याचा त्याचा आवडता दाखला परदेशी आहे. एस्टोनिया या चिमुकल्या देशातल्या लेखकांनी २०१९ मध्ये ‘डिस्को एलिसियम’ केला. नायक दारूने स्मृती घालवून बसलेला पोलीस. गावात गोदी कामगारांचा संप चालू आहे, एक खून झाला आहे. इथे लढाईची वेगळी यंत्रणाच नाही. सगळी झुंज बोलण्यात, आणि नायकाच्या डोक्यात. त्याच्या मनातले चोवीस गुण आपापसांत भांडतात. तर्क एक सांगतो, भीती दुसरे सांगते. फासे पडतात आणि तुम्ही योग्य शब्द बोलता किंवा तोंडावर आपटता. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये त्याला कथनाचे आणि भूमिकेच्या खेळाचेही पारितोषिक मिळाले. मी विचारले, “संपाची बाजू घेता येते का?” “येते. पण युनियनचा पुढारीही साधा नाही.” १९८२ चा गिरणी संप ज्यांनी घरात सोसला आहे, त्यांना यात समजावून सांगण्यासारखे काही उरत नाही.

तिसऱ्या रविवारी मात्र आमचे बोलणे माझ्या हातून निसटले. विहारात वाचन चालू होते, ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’, पहिला भाग. शाक्य आणि कोलिय यांच्यामध्ये रोहिणी नदी. पाण्याच्या पाळीवरून मारामारी होते, दोन्हीकडची माणसे जखमी. शाक्यांचा सेनापती संघात युद्धाचा ठराव मांडतो. सिद्धार्थ विरोध करतो. चूक आपल्यांचीही आहे, चौकशी करू, दोघांचे दोन-दोन आणि त्यांनी निवडलेला पाचवा असे पंच नेमू, असे सुचवतो. मतदान होते आणि प्रचंड बहुमताने युद्धाचा ठराव पास होतो. दुसऱ्या दिवशी वीस ते पन्नास वयाच्या सगळ्यांनी सैन्यात यावे असा ठराव येतो. सिद्धार्थ नाही म्हणतो. सेनापती पर्याय पुढे ठेवतो: सैन्यात ये, नाहीतर फाशी किंवा हद्दपारी भोग, नाहीतर तुझ्या कुटुंबावर बहिष्कार आणि जमिनी जप्त. सिद्धार्थ आपल्या घरच्यांना वाचवायला स्वतः परिव्राजक होऊन देश सोडतो.

वाचन संपले आणि भाचा माझ्या कानाशी म्हणाला, “मामा, हा गेम आहे.”

मी डोळे वटारले. पण विहाराबाहेर पायरीवर बसून त्याने जे सांगितले ते मी जसेच्या तसे देतो, कारण इतक्या वर्षांत मी हा प्रसंग या नजरेने वाचला नव्हता. तो म्हणाला, “सिद्धार्थाची भूमिका द्यायची नाही. त्यांना कोण खेळवणार? आपण व्हायचं साधा शाक्य. नदीकाठी दोन तुकडे जमीन, भावाचं डोकं त्या मारामारीत फुटलेलं. संघात बसायचा हक्क आहे, एक मत आहे. हात वर करायचा का नाही, हा पहिला निर्णय. तुम्ही काहीही करा, ठराव पास होतोच. सिद्धार्थ निघून जातात. बाकीच्यांना वाटतं गोष्ट त्यांच्या मागं गेली. पण पुस्तकात पुढं काय आहे?”

पुढे आहे ते वाचकांनी काढून बघावे. राजगृहाला सिद्धार्थाला पाच परिव्राजक भेटतात आणि सांगतात, की तुम्ही गेल्यावर शाक्यांत युद्धाविरुद्ध मोठी चळवळ झाली. पुरुष, बाया, मुलेमुली मिरवणुका काढून रस्त्यावर आली. संघाला पुन्हा बैठक बोलवावी लागली. या खेपेला बहुमत समेटाच्या बाजूने पडले. दोन्हीकडचे पाच-पाच जण बसले आणि पाण्याच्या तंट्यासाठी कायमचे लवाद मंडळ ठरले.

“म्हणजे ते बहुमत फिरवलं कोणी?” भाचा म्हणाला. “मागं राहिलेल्यांनी. त्यांची नावं पुस्तकात नाहीत. तोच खेळाडू. घरोघर जायचं, ज्यांनी हात वर केला होता त्यांच्याशी बोलायचं. कोणाला पटतं, कोणी हाकलून देतं. कोणी म्हणतं तुझ्या भावाचं डोकं फुटलं तरी तू असं बोलतोस? मैत्री, आदर, भीती तिन्ही मापं ठेवायची. आणि दुसऱ्या मतदानाच्या दिवशी मोजणी.”

“आणि तलवार?”

“घरात खुंटीला टांगलेली. घेता आली पाहिजे. घेताच येत नसेल तर ठेवून देण्याला काय किंमत?”

यासाठी लाखो रुपयांची कंपनी लागत नाही, असेही त्याने सांगितले. ट्वाइन म्हणून एक फुकट साधन आहे. त्यात चित्रे नसली तरी चालतात. मजकूर लिहायचा, प्रत्येक वळणावर दोन-तीन वाटा ठेवायच्या, आणि तयार झालेला खेळ साध्या मोबाइलवर उघडतो. देवनागरीत लिहिता येते. लागते ती वही आणि बसण्याची चिकाटी. त्याने दोनशे पानी वही आणलीच होती. पहिल्या पानावर नदी काढली होती, तिच्या काठावर घरे, घरांना आकडे.

आमचे हे बोलणे चालू असताना आमच्या विहारातल्या एक वयस्कर मावशी चपला शोधत पायरीपाशी आल्या होत्या. आयुष्यभर नळाच्या रांगा लावलेली बाई. त्यांनी सगळे ऐकले होते बहुधा. वहीत डोकावून म्हणाल्या, “बाळा, सगळी घरं तू या काठालाच काढलीस. कोलियांच्या शेतात तरी पाणी कुठं होतं? त्यांच्याकडनं कोण बोलणार?”

भाच्याने वहीकडे पाहिले, मावशींकडे पाहिले. मग पट्टी घेऊन नदीच्या पलीकडे घरे काढायला बसला.